उतारवयातील विद्यार्थिदशा

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



दोन महिन्यांपूर्वी आपल्या चिटणीसांनी मला पत्र पाठवून, संमेलनात आवडीच्या विषयावर वीस मिनिटे बोलावे, अशी आज्ञा केली, तेव्हा मी प्रथम नकारच कळविणार होतो. अशा व्यासपीठावर बोलण्याचा अधिकार विद्वानांचा किंवा दात्यांचा. मी या दोहोंपैकी कोणीच नव्हे. १९७४ साली जुन्या अकरावीची शालान्त परीक्षा उत्तीर्ण झालो, शिक्षकाचे प्रशिक्षण घेतले, आणि प्राथमिक शाळेत अपूर्णांक व शुद्धलेखन शिकवीत २०१५ साली निवृत्त झालो, एवढेच माझे चरित्र. परंतु "गुरुजी, कॅमेऱ्याविषयीच बोला" असे चिटणीसांनी पुन्हा सुचविले, आणि त्या विषयात माझ्या मनात काही गोष्टी साठून राहिल्या आहेत, म्हणून आपणापुढे उभा आहे. बोलण्यात पाल्हाळ झाला तर तो जुन्या सवयीचा दोष समजून क्षमा करावी.

या छंदाचा आरंभ सुखाच्या प्रसंगी झाला नाही. २०२१ सालच्या वैशाखात माझी पत्नी अल्पशा आजाराने निवर्तली. पुढे भिंतीवर लावण्यासाठी तिचा एक फोटो हवा, म्हणून आम्ही सारे घर पालथे घातले. अल्बम चार निघाले. त्यांत मुलांची बारशी होती, वाढदिवस होते, शाळेची स्नेहसंमेलने होती, माझा निरोपसमारंभ होता. हार घातलेला मी होतो, श्रीफळ हातात घेतलेला मी होतो. तिचा एकटीचा फोटो म्हणाल तर एक आधार कार्डावरचा, तोही तिने स्वतः ओळखला नसता असा. आणि दुसरा १९८२ सालच्या लग्नातला, मान खाली घातलेला. शेवटी २०१४ साली पुतण्याच्या लग्नात कोणी मोबाइलवर घेतलेल्या पन्नास माणसांच्या घोळक्यात, मागच्या ओळीत, ती सापडली. हातात ओवाळणीचे ताट, आणि मान कोणाच्या तरी हाकेकडे वळलेली. स्टुडिओवाल्याने तेवढाच भाग कापून मोठा करून दिला. तिच्या खांद्यावर दुसऱ्या कोणाचा हात राहिला होता, तो त्याने सफाईने पुसला. परंतु चेहरा मोठा होताच तो पाटीवरच्या चौकटींसारखा चौकोनी चौकोनी दिसू लागला. एकोणचाळीस वर्षांच्या संसारातून एवढे हाती आले. विद्यार्थ्याची वही कोरी निघाली तर मी त्याला वर्गात उभे करीत असे. येथे माझीच वही कोरी निघाली होती.

मुलाने २०१९ साली मला एक डिजिटल कॅमेरा आणून दिला होता. तो मी फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवला होता. महाग वस्तू बिघडेल, ही आपल्या पिढीची भीती. वाईस कृष्णेच्या गणपती घाटावर दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी काही हौशी माणसे कॅमेरे घेऊन जमतात, असे नातवाकडून कळले, आणि २०२२ च्या जानेवारीत मी ते फडके सोडून घाटावर गेलो. दहा-बारा जण होते. एक किराणा दुकानदार, एस.टी.तून निवृत्त झालेले एक चालक, बँकेत नोकरी करणाऱ्या एक बाई, महाविद्यालयातील दोन मुले. त्यांस शिकविणारा तरुण स्वतःचा फोटो स्टुडिओ चालवितो, आणि तो माझा चौथीतला विद्यार्थी निघाला! त्याने वाकून नमस्कार केला. मी म्हणालो, "बाबा रे, आजपासून हे उलट." तेथे कोणी कोणाचे आडनाव विचारीत नाही, विचारतात ते भिंग कोणते लावले आहे एवढेच. ज्ञातीच्या व्यासपीठावरून हे बोलणे कोणास खटकेल; पण मला ते बरे वाटले, आणि आपणांस सांगावेसे वाटले.

पहिल्याच दिवशी मी एका गोष्टीत फसलो. कॅमेऱ्याच्या भिंगात उजेड आत घेणारे एक छिद्र असते. त्यास ॲपर्चर म्हणतात. ते लहानमोठे करता येते, आणि त्याचे आकडे दोन, चार, आठ, सोळा असे असतात. मला वाटले, सोळा म्हणजे मोठे छिद्र. म्हणून अंधुक पहाटे मी आकडा सोळावर नेऊन ठेवला, आणि चित्रे काळी येऊ लागली. तेव्हा तो तरुण हळूच म्हणाला, "गुरुजी, तुम्हीच आम्हांला चौथीत सांगितले होते. छेद मोठा, तर अपूर्णांक लहान." खरेच की! तो आकडा म्हणजे छेद आहे. भिंगाच्या नाभीय अंतराचा अर्धा भाग, चौथा भाग, सोळावा भाग एवढ्या व्यासाचे ते छिद्र. जो धडा मी चार दशके फळ्यावर लिहिला, तो कॅमेऱ्यावर मला वाचता आला नाही. घाटावरची सर्व मंडळी हसली आणि मीही हसलो.

पुढचे शिक्षण मात्र वेगाने झाले, कारण ते आपल्या घरातील गोष्टींसारखेच आहे. नळाखाली घागर भरावयाची असेल, तर तोटी मोठी सोडून थोडा वेळ धरावी, किंवा लहान सोडून जास्त वेळ धरावी. घागर तेवढीच भरते. तोटी म्हणजे ॲपर्चर, वेळ म्हणजे शटर. परंतु दोन्ही रीतींनी भरलेले चित्र सारखे नसते. छिद्र लहान ठेवले, तर जवळच्या पायरीपासून दूरच्या कळसापर्यंत सारे स्पष्ट येते. मोठे ठेवले, तर ज्याच्यावर नेम धरला तेवढेच स्पष्ट आणि मागचे सारे विरघळते. शटर क्षणार्धात मिटले, तर नदीत उडी मारणारा पोर हवेत थांबतो. सावकाश मिटले, तर पाण्याचे दूध होते. तिसरी गोष्ट आयएसओ. दूरचे केंद्र ऐकू येत नाही म्हणून रेडिओचा आवाज वाढविला, तर गाण्याबरोबर खरखरही वाढते. अंधारात आयएसओ वाढविले, तर चित्रावर तशीच खरखर उमटते. एवढे उमगले, की पुढे उरतो तो अभ्यास.

त्या अभ्यासात मला जे अनपेक्षित लाभले, ते पाहण्याचे शिक्षण. ढोल्या गणपतीचे मंदिर मी बालपणापासून पाहत आलो. सरदार गणपतराव रास्ते यांनी ते १७६२ साली बांधिले, हेही मुलांस शिकविले. परंतु त्याची मागील भिंत माशासारखी निमुळती बांधलेली आहे, पुराचे पाणी दुभंगून दोन्ही अंगांनी जावे म्हणून, हे मी कॅमेरा घेऊन मागल्या बाजूस गेलो तेव्हा प्रथम पाहिले. एका भाद्रपदात मंडळ साताऱ्याजवळील कास पठारावर गेले. २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर ज्यास जागतिक वारशात स्थान मिळाले, तेच हे पठार. तेथे पायवाट सोडावयाची नाही, फुले तुडवावयाची नाहीत, असा दंडक आहे, आणि तो योग्यच आहे. मी पायवाटेच्या कडेने पोटावर निजून 'सीतेची आसवे' या नावाचे फूल टिपीत होतो. जांभळट, नखाएवढे, नाजूक. आणि वनस्पती कीटकभक्षी, मुळांशी बारीक पिशव्यांत सूक्ष्म जीव धरणारी. धुके आले की ते फूल दिसेनासे होई, धुके सरले की पुन्हा दिसे. चाळीस मिनिटांत एक चित्र बरे आले. अंगरखा चिखलाने भरला तो निराळाच. सूनबाई काही बोलल्या नाहीत, पण बादली त्यांनी अंगणातच आणून ठेविली.

घरी बसून करावयाचा पाठही मंडळात असतो. एकच वस्तू महिनाभर रोज एकाच वेळी टिपावयाची. हा पाठ देताना त्या तरुणाने दादासाहेब फाळके यांची गोष्ट सांगितली. 'राजा हरिश्चंद्र' काढण्यापूर्वी, आपणांस चित्रपट करता येतो अशी भांडवलदाराची खात्री पटविण्यासाठी, त्यांनी वाटाण्याचे रोप वाढताना एकेक चौकट करून टिपले होते. मी अंगणातील तुळशीवृंदावन निवडिले. तिला रोज पाणी घालणारे माणूस गेले होते, आणि तुळस निम्मी वाळली होती. फोटो घ्यावयाचा म्हणून रोज जावे लागे, आणि जायचेच म्हणून मी तांब्याभर पाणीही नेऊ लागलो. महिन्याच्या तीस चित्रांत शेवटच्या आठ-दहांमध्ये नवी पालवी आहे. प्रकाशाविषयी त्या पाठातून काय शिकलो ते विस्ताराने सांगत नाही. सकाळचा तिरपा उजेड वस्तूस आकार देतो आणि दुपारचा सारे सपाट करतो, एवढेच पुरे.

आता आपणांस हा कॅमेरा आतून कसा चालतो, ते थोडक्यात सांगतो. कारण त्यावाचून पुढची गोष्ट कळणार नाही. पूर्वी उजेड फिल्मवरील चांदीच्या क्षारांवर पडत असे. आता फिल्मच्या जागी सिलिकनची एक लहान पाटी असते, आणि तिच्यावर उजेड मोजणारी लक्षावधी सूक्ष्म घरे असतात. माझ्या कॅमेऱ्यात अशी दोन कोटी चाळीस लाख घरे आहेत. गंमत अशी, की प्रत्येक घरास रंग एकच दिसतो, तांबडा, हिरवा किंवा निळा. त्यांतील निम्मी घरे हिरव्यासाठी, कारण मनुष्याच्या डोळ्यास हिरव्यातले बारकावे अधिक कळतात. उरलेले रंग यंत्र शेजारच्या घरांवरून हिशेबाने काढते. असा पहिला कॅमेरा अमेरिकेत कोडॅक कंपनीतील स्टीव्हन सॅसन या तरुण अभियंत्याने १९७५ साली जुळविला. त्याची आडवी शंभर आणि उभी शंभर, मिळून दहा हजार घरे. आणि एक चित्र कॅसेटच्या फितीवर उतरण्यास तेवीस सेकंद लागत. ज्या कंपनीत तो जन्मला, तिला फिल्मच्या धंद्यापुढे त्याचे मोल उमगले नाही, आणि २०१२ साली तिने दिवाळखोरीचा अर्ज केला.

हे मंडळात ऐकून मी घरी आलो, आणि संगणकावर पुतण्याच्या लग्नातील तो घोळक्याचा फोटो उघडिला. माझ्या पत्नीच्या चेहऱ्यावर किती ठिपके आहेत, ते मोजले. आडवे नव्वद, उभे एकशे दहा. म्हणजे नऊ हजार नऊशे. १९७५ सालच्या त्या पहिल्या यंत्रास जेवढे साधत होते, त्याहूनही शंभर कमी! चेहरा चौकोनी का झाला, ते मला तेव्हा कळले. स्टुडिओवाल्याची काही चूक नव्हती. जे ठिपके टिपलेच गेले नाहीत, ते मागाहून कोणी आणून देऊ शकत नाही.

मंडळी, यावर मी पुष्कळ विचार केला. माझ्या नोकरीच्या आरंभी आमच्या मुख्याध्यापकांजवळ 'आग्फा क्लिक थ्री' हा साधा कॅमेरा होता. एका रोलात बारा चित्रे. बारांपैकी पाच पाहुण्यांची, तीन बक्षीससमारंभाची, एक शिक्षकवृंदाचा, आणि उरलेल्यांपैकी दोन हमखास बिघडत. त्या काळी घरच्या स्त्रियांचे फोटो निघाले नाहीत, यास रोलाची महागाई हे कारण मी स्वतःस देत असे. परंतु २०१० नंतर आमच्या घरात मोबाइल तीन होते. फोटो फुकट झाले होते. जेवणाच्या ताटाचे निघाले, नव्या स्कूटरचे निघाले, महाबळेश्वरच्या ढगांचे निघाले. ज्या हातांनी ते ताट वाढले, ते हात एकाही चित्रात नाहीत. तेव्हा कमतरता रोलाची नव्हती. माझे लक्षच त्या बाजूस नव्हते. हे कबूल करण्यास मला दोन वर्षे लागली, आणि आज आपणां सर्वांसमक्ष ते करीत आहे.

मेणवलीस माझी थोरली बहीण असते, आक्का. वय वर्षे शहाऐंशी. गेल्या वर्षी मंडळात 'व्यक्तिचित्र' हा पाठ होता, म्हणून मी तिच्याकडे गेलो. फोटो काढला की आयुष्य कमी होते, असे तिने लहानपणी ऐकले होते. ती म्हणाली, "अरे बाळू, आता कमी व्हायला शिल्लक काय आहे? पण या लुगड्यावर नको." मी म्हणालो, "आक्का, याच लुगड्यावर." स्वयंपाकघराच्या खिडकीशी ती तांदूळ निवडीत बसली होती. खिडकी उत्तरेची, म्हणून उजेड मऊ. फ्लॅश लावला नाही. 'इकडे बघ, हस' असे काही म्हटले नाही. तिच्याशी आईविषयी बोलत राहिलो. एकदा तिने खडा काढून खिडकीबाहेर टाकला आणि मान वर केली, तेव्हा कळ दाबली. अशी तीस-पस्तीस चित्रे झाली.

आणि ती सारी मी घालविली. घरी येऊन संगणकावर उतरविली, असे मला वाटले होते; वस्तुतः ती उतरली नव्हती. दुसऱ्या दिवशी कासला जावयाचे म्हणून मी कार्ड फॉरमॅट केले, म्हणजे पाटी स्वच्छ पुसली, आणि वर नवी फुले टिपली. एकदा पुसलेले कार्ड तसेच बाजूस ठेवले, तर त्यातील चित्रे पुष्कळदा परत मिळविता येतात. परंतु वर नवे लिहिले की मार्ग खुंटतो. हे ज्ञान मला आठवड्याने झाले. त्या रात्री झोप लागली नाही. आक्का शहाऐंशीची आहे, एवढेच डोक्यात येई.

चार दिवसांनी पुन्हा मेणवलीस गेलो आणि खरे काय ते सांगितले. ती रागावली नाही. म्हणाली, "बरे झाले. तेव्हा मी दात लावले नव्हते." या खेपेस तिने आपणहून खिडकीशी पाट ओढला आणि विचारले, "तांदूळ घेऊ का गहू?" मी बदलांतला माणूस नव्हे, म्हणून तांदूळच म्हणालो. त्यांतील एक चित्र मंडळात भिंतीवर दाखविले, तेव्हा टीका करण्यात सर्वांत कडक असलेले ते निवृत्त एस.टी.चालक बराच वेळ गप्प बसले, आणि मग एवढेच म्हणाले, "गुरुजी, डावीकडचा डबा कापायला हवा होता." डबा मी कापला नाही. तो आमच्या आईचा आहे.

आपल्या घरांतील जुन्या फोटोंविषयी दोन शब्द बोलतो, कारण ते माझ्याच्याने राहवत नाही. आजोबांच्या काळातील काळेपांढरे फोटो पुष्कळदा अजून टवटवीत असतात, आणि १९७५-८५ च्या दरम्यानचे आपले रंगीत फोटो मात्र तांबूस पडत चालले आहेत. काळ्यापांढऱ्यात चित्र चांदीचे असते. रंगीतात ते रंगद्रव्यांचे, आणि त्यांतील निळसर छटा अंधारात ठेवूनही उडते. म्हणून स्कॅन करण्याची निकड आहे ती रंगीतांचीच. चिकट पानांच्या अल्बममधील फोटो ओढून काढू नयेत; न निघाल्यास पानासकट टिपावेत. पाण्याने पुसू नयेत. मागे नावे लिहावयाची तर मऊ पेन्सिलीने, शाईने नव्हे. आणि नावे आजच लिहावीत. मला माझ्या आजीच्या शेजारी उभ्या असलेल्या दोन बायका आज ओळखता येत नाहीत, आणि आता आक्कालाही येत नाहीत. डिजिटल फोटोंच्या प्रती तीन ठेवाव्यात, त्यांतील एक दुसऱ्याच्या घरी. आणि वर्षाकाठी निदान दहा फोटो कागदावर छापून घ्यावेत. मोबाइल हरवतो, कागद ट्रंकेत सापडतो.

महाग कॅमेरा हवाच, असे नाही. खिशातील मोबाइल घ्या. त्याचे भिंग आधी मऊ कापडाने पुसा. निम्मे फोटो बोटांच्या तेलाने अंधुक येतात. माणसाला खिडकीकडे तोंड करून बसवा, पाठ करून नव्हे. बोटांनी चित्र ताणून मोठे करू नका, दोन पावले पुढे जा. ठिपक्यांचा हिशेब मघाशी सांगितलाच आहे.

वेळ संपत आली, अशी खूण चिटणीसांनी दोनदा केली आहे. या सभागृहाच्या शेजारच्या खोलीस उत्तरेकडे मोठी खिडकी आहे, ती मी काल येऊन पाहून ठेविली. तेथे एक खुर्ची मांडली आहे आणि माझा कॅमेरा तयार आहे. ज्यांच्या घरी साठीवरील मंडळी आहेत त्यांनी त्यांस घेऊन यावे. चित्रे पोचविण्याची जबाबदारी माझी. कार्डे या वेळी दोन आहेत. मात्र क्रम एक पाळावयाचा आहे. आज सकाळपासून मागे मुदपाकखान्यात ज्या भगिनी राबत आहेत, त्यांनी आधी यावे. साडी बदलण्याची गरज नाही, हात तेवढे पुसावेत. त्यासाठी पंगत अर्धा तास उशिरा बसली तरी चालेल, असे मी अध्यक्षमहाराजांकडून आधीच वदवून घेतले आहे.